डस्ट इन द विंड
अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील टोपेका येथील 'कॅन्सस' या रॉक बँडचे ध्वनिक गिटारवर आधारलेले संथ गीत. 'पॉइंट ऑफ नो रिटर्न' (१९७७) या अल्बममधील ही रचना गिटारवादक केरी लिव्हग्रेन यांची. बोटांनी तारा छेडण्याचा सराव म्हणून ते जी धून वाजवत, ती त्यांच्या पत्नीला आवडली आणि तिने तिला शब्द देण्याचे सुचवले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कवितांच्या वाचनातून जीवनाच्या नश्वरतेचा विषय सुचला. लांबलचक, गुंतागुंतीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी हा बँड ओळखला जाई. त्यामुळे हे साधे गीत बँडला शोभेल का, अशी शंका खुद्द लिव्हग्रेन यांना होती. सहकाऱ्यांनी मात्र ते उचलून धरले. गीतात ड्रम नाहीत. गिटारची अखंड वाहती साथ, स्टीव्ह वॉल्श यांचा संयत स्वर आणि मध्यंतरी रॉबी स्टाइनहार्ट यांचे व्हायोलिन एवढ्यावरच ते उभे आहे. व्हायोलिनचा हा आर्त तुकडा गीताचा सर्वांत सुंदर भाग होय. १९७८ मध्ये ते 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचले. पहिल्या दहांत गेलेले बँडचे हे एकमेव गीत. गिटार शिकणाऱ्यांच्या सरावात ते आजही आढळते.