तळटीप : आनंदीबाईंचा क्षय

१. १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा रॉबर्ट कॉखने या रोगाचा जंतू शोधून पाचच वर्षे झाली होती. श्वासावाटे फुप्फुसात उतरलेला हा जंतू मॅक्रोफेज ही पांढरी पेशी गिळते. इतर बहुतेक जंतू तिच्या पाचक रसात मरतात. हा मात्र तो रस आपल्यापर्यंत पोचूच देत नाही आणि गिळणाऱ्या पेशीतच वाढू लागतो. मग लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात, वेढा पडतो, गाठ बनते. बहुतेकांच्या शरीरात जंतू तिथेच जन्मभर कोंडून राहतो. ताकद खचली, तर गाठीचा गाभा खव्यासारखा भुसभुशीत होऊन पुढे पातळ होतो, आणि पांढऱ्या पेशींनीच सोडलेली विकरे फुप्फुस पोखरतात. खोकल्यातून पडणारे रक्त पुष्कळदा या पोखरणीचे असते. आनंदीबाईंच्या वैद्यकीय शिक्षणाच्या काळातली अमेरिकेतली थंडी आणि खाण्याची आबाळ यांवर चरित्रकार बोट ठेवतात, ते रास्तच. उपाशी शरीराचा वेढा लवकर सुटतो. पण ‘नाजूक प्रकृती’ म्हणून हा मृत्यू उरकणे आम्हाला मान्य नाही. त्या काळी हा रोग बळावल्यावर धडधाकट माणसेही अनेकदा वाचत नसत. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले.