जुनी फोर बाय फोर पिकअप: आधी दुरुस्ती की आधी मॉडिफिकेशन?

उल्हासनगर कॅम्प ४ मधून मलंगगड, बारवी धरण किंवा मुरबाडमार्गे माळशेज घाट गाठता येतो. अशा रस्त्यांसाठी बोलेरो कॅम्परसारखी जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. मग पहिला खर्च मोठ्या टायरवर करावा की ब्रेकवर? उत्तर सरळ आहे: आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती कुठेही चढली पाहिजे.

या भागात जुनी गाडी का खराब होते?

मुख्य कारण पाणी. २६ जुलै २००५ चा पूर इथे अनेकांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पुराच्या पाण्यात अडकली होती. पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन चकाचक करता येते, पण आत शिरलेलं पाणी दिसत नाही.

चालून गरम झालेलं डिफरन्शियल अचानक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकुंचन पावते. हवा आत-बाहेर जाण्याची छोटी नळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलं असं समजावं.

तपासणीचा क्रम

१. चेसिस: पाट्यांची जोडणी आणि केबिनखालचा भाग हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. जागा पोकळ वाजली किंवा पापुद्रे सुटले, तर गंज खोल गेला आहे. चेसिस नंबर स्पष्ट वाचता येतो का, हेही पाहावं.

२. ब्रेक: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब घाट उतरताना ते उकळलं की पेडल खाली जातं, पण गाडी थांबत नाही. जुन्या गाडीत ऑइल, होज पाइप आणि गळणारे व्हील सिलिंडर आधी बदलावेत.

३. स्टीअरिंग आणि चाकं: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बेअरिंगमधला प्ले गाडी जॅकवर घेऊन तपासावा.

४. ऑइल: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल पाहावं.

फोर बाय फोरची चाचणी कुठे घ्यावी?

मोकळ्या मातीवर किंवा चिखलात. कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. अशा पिकअपमध्ये मध्ये डिफरन्शियल नसल्याने हा फरक सामावला जात नाही आणि ट्रान्सफर केस व शाफ्टवर ताण येतो.

उपयोगी बदल कोणते?

- ब्रीदरची नळी वाढवून उंचावर नेणे. खर्च कमी, फायदा मोठा.
- थकलेले पाटे, बुश आणि शॉकअब्सॉर्बर बदलणे.
- हेडलाइटसाठी रिले आणि नवं वायरिंग.
- चांगल्या पकडीचे, पण कंपनीने ठरवलेल्या मापाचेच टायर.

टायरचा व्यास २८ वरून ३० इंच केला, तर स्पीडोमीटर ताशी ६० किमी दाखवत असताना गाडी सुमारे ६४ ने धावते. ब्रेक आणि क्लचवरचा भारही वाढतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच दिले.

इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. एमएच-०५ गाड्यांसाठी हे काम कल्याणच्या कार्यालयात होतं. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं. खासगी नोंदणी १५ वर्षांची असते.

थोडक्यात

गंज, ब्रेक, स्टीअरिंग, ऑइल आणि कागदपत्रं ही पाच कामं झाल्यावर पैसे उरले, तरच सजावट. चेसिसच सडलेली निघाली, तर तो सौदा सोडलेला बरा.