मंडळी : एका शब्दाचा आणि एका समाजाचा इतिहास

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द फार सैलपणे वावरतो. घरची मंडळी असतात, भजनी मंडळी असतात, नाटकमंडळी असतात. जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करतो. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात मात्र या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. तिथे मंडळी म्हणजे चर्च, आणि चर्च म्हणजे इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारी माणसे. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दासाठी ज्यांनी हा शब्द निवडला त्यांनी मराठीतल्या एका घरगुती, आपलेपणाच्या शब्दावर मोठे ओझे टाकले, आणि तो शब्द ते पेलू शकला. नगर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्यांचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार असे वाटत आले आहे की, टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंचे गद्य ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन आपण मराठीच्या वर्गात कधी दाखवतच नाही. प्रस्तुत लेख त्या जमिनीविषयी आहे.

अमेरिकन मिशनऱ्यांचे मुंबईतले काम १८१३ साली सुरू झाले. १८३१मध्ये त्यांनी अहमदनगरला (२०२४पासून अहिल्यानगर) ठाणे मांडले, आणि १८३३मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. हे मिशनरी प्रामुख्याने काँग्रिगेशनल परंपरेतले होते. या परंपरेचे वैशिष्ट्य असे की, तीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःपुरती स्वायत्त मानली जाते. कोणाला सभासद करून घ्यायचे, कोणाला शिस्त लावायची, पाळक कोणाला नेमायचे हे त्या मंडळीने ठरवायचे असते. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा मराठी माणसाने मराठी मंडळीचे पालन करण्याची प्रथा सुरू झाली. ‘पाळक’ हाही शब्द पाहण्यासारखा आहे. ‘पाद्री’ पोर्तुगिजांकडून आला आणि परकाच राहिला. पाळक मात्र ‘पाळणे’ या साध्या क्रियापदातून, मेंढपाळाच्या जवळून आला.

पुढे खेड्याखेड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतले बहुसंख्य सभासद महार आणि मांग समाजांतून आलेले होते. गावच्या चावडीवर ज्यांना बसायला जागा नव्हती, निर्णयात ज्यांचे मत कोणी विचारत नव्हते, अशी माणसे येथे पंचमंडळात बसू लागली. वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब देणे, भांडण मिटवणे, सभेत उभे राहून बोलणे, सभेचा वृत्तान्त लिहिणे ही कामे त्यांना येथे प्रथम मिळाली. मिशनच्या पगारावर अवलंबून असलेला पाळक आणि कागदोपत्री स्वायत्त असलेली गरीब मंडळी यांच्यात विसंगती होती हे खरे. स्वावलंबनाचा उपदेश जितका झाला तितके स्वावलंबन आले नाही हेही खरे. तरीही त्या सभांचे मोल आम्ही कमी मानत नाही. सभा चालवण्याची सवय हे एक शिक्षणच असते.

या मंडळीच्या उपासनेत सर्वांत स्फोटक गोष्ट होती ती प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा प्याला एवढाच तो विधी. पण एका प्याल्याला सर्वांनी ओठ लावायचे, त्यात ब्राह्मण घरातून आलेला असेल आणि महारवाड्यातून आलेलाही असेल, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या नगर जिल्ह्यात किती अवघड होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या मनातले सोवळे कसे हळूहळू सुटत गेले ते सांगितले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी काही काळ आपले खाणेपिणे वेगळे ठेवले होते. तत्त्व पटल्यानंतरही हात पाण्याच्या भांड्याकडे जाताना अडखळतो, हा अनुभव त्यांच्याइतक्या निर्मळ विनोदाने आणि निर्भयपणे फार थोड्यांनी लिहिला असेल. मात्र प्याला एक झाला म्हणून जात संपली असे झाले नाही. सोयरिकी जुन्याच कुळींत जुळत राहिल्या. मंडळीने जातीला वेदीपाशी अडवले, लग्नाच्या मांडवापाशी तिला पुष्कळदा वाट दिली.

१८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली आणि ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा आरोप या समाजाला चिकटला. तो पूर्णपणे खोटा आहे असे म्हणण्याची आम्हांला गरज वाटत नाही. भूक हे माणसाच्या जगण्यातले सर्वांत प्रामाणिक कारण आहे. प्रश्न पुढचा आहे. दुष्काळ सरला, मदत आटली, नंतर मिशनही गेले. मग या मंडळ्या चार-पाच पिढ्या का टिकल्या? रविवारी एकत्र येऊन गाण्याची जागा, आजारी माणसाच्या घरी जाणारा पाळक, मुलांना अक्षरओळख करून देणारी शाळा आणि मेल्यावर सन्मानाने खांदा देणारे चार लोक, यांतच त्याचे उत्तर शोधावे लागते.

गाण्याचा मुद्दा मराठीच्या अभ्यासकांच्या विशेष जिव्हाळ्याचा असायला हवा. आरंभीची पुष्कळ ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवून केलेली होती. ऱ्हस्वदीर्घांची त्यांत किती ओढाताण होत असेल हे छंदःशास्त्र जाणणाऱ्यास सांगायला नको. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर रचना केल्या आणि कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती कथेसाठी वापरली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांच्याबरोबर अभंग, ओवी आणि भजन मोठ्या हक्काने उपासनेत आले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. आपण वर्गात टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शिकवतो आणि ‘अभंगांजली’चा उल्लेख करून पुढे जातो. पण ज्या रचना शंभर वर्षे दर रविवारी पेटीतबल्याच्या साथीने सामुदायिकपणे गायल्या गेल्या, ज्यांतल्या ओळी निरक्षर आज्यांच्या तोंडी बसल्या, त्या रचनांचे आयुष्य पुस्तकातल्या कवितेपेक्षा वेगळे असते. ते समजून घ्यायचे तर ओळींची समीक्षा पुरत नाही. त्या कोण, कुठे, केव्हा गात होते हे पाहावे लागते.

त्याच टिळकांना पुढे ही मंडळी अपुरी वाटू लागली हे विसरता येत नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना तसेच न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. १९१९मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फुलण्याआधीच थांबला. परंतु त्याने विचारलेला प्रश्न शिल्लक आहे : मंडळीची वेस कुठे असावी?

वसईकडे वळले की शब्द बदलतात आणि शब्दांबरोबर इतिहासही बदलतो. तिथे मंडळीच्या जागी ‘धर्मग्राम’ येतो, पाळकाच्या जागी ‘फादर’ आणि प्रभुभोजनाच्या जागी ‘मिस्सा’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली हा समाज ख्रिस्ती झाला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर राज्य गेले, पण धर्मग्राम राहिले. उपासनेची भाषा मात्र लॅटिन होती. घरी सामवेदी बोली, शेजारी मराठी आणि वेदीवर लॅटिन, अशा त्रिभाषिक जगात पिढ्या गेल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत करून लोकभाषेला वाट दिली, आणि त्यानंतर वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ सालीच छापले गेले होते आणि चर्चमध्ये वाचले जात होते. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. म्हणजे मराठीने वेदीच्या जवळ जाऊन पुन्हा दूर ढकलले जाणे आणि पुन्हा परतणे असा हा साडेतीनशे वर्षांचा प्रवास आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींना नवल वाटले. हा प्रवास ठाऊक असता तर ते वाटले नसते.

वसईच्या धर्मग्रामांतून केवळ उपासना उभी राहिली असेही नाही. १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने तिथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. बागायतदार शेतकरी सावकाराच्या दारी जाण्याऐवजी आपसांतल्या विश्वासावर कर्ज घेऊ लागला. तो विश्वास रविवारी शेजारी बसून तयार झालेला होता. नगरकडच्या भूमिहीन मंडळ्यांना असे काही उभारता आले नाही, कारण गहाण ठेवायला त्यांच्यापाशी जमीन नव्हती. एकाच धर्माच्या दोन समाजांतला हा फरक धर्मशास्त्राने नव्हे, सातबाऱ्याने ठरवला.

नगरकडच्या मंडळ्यांचे आजचे दुखणेही कागदावरचेच आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मूळ रूपात हिंदू धर्मीयांपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. त्यामुळे मंडळीच्या नोंदवहीत आपले नाव असणे हीच अनेकांना अडचण होऊन बसली. ज्या पानावर आजोबांनी अभिमानाने नाव घातले, ते पान नातवाला झाकावेसे वाटते. गाव म्हणून सवलत नाही आणि मंडळी म्हणून बळ नाही, अशा कोंडीत माणूस उभा राहतो, आणि इतिहास स्वतःहून पुसला जाऊ लागतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि मृत्यूंच्या नोंदवह्या, पंचमंडळाच्या सभांचे वृत्तान्त, हाताने उतरलेल्या गीतांच्या वह्या हे सर्व मराठीतले लेखन आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना लिहिण्याची मनाई होती त्यांनी ते केले आहे. वाळवी आणि ओल आपले काम करीत आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी महानुभावांच्या मठांतली हस्तलिखिते ज्या आस्थेने शोधली, त्याच आस्थेने, आणि ज्यांची नावे त्या पानांवर आहेत त्यांच्या आजच्या अडचणीचे भान राखून, या वह्यांच्या प्रती करून ठेवल्या पाहिजेत. टिळकांच्या अभंगांखाली टीप लिहिताना तरी आपल्याला त्यांची गरज पडेलच.