आनंदीबाईंचा प्रवेश-अर्ज

नागपुरात १९४७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु तेथे प्रवेश मागणाऱ्यास, तू आजवर काय पाहिलेस, काय सोसलेस, असे कोणी विचारीत नाही. आज तो निर्णय मुख्यतः नीट परीक्षेचे गुण करतात. अमेरिकेची वाट धरणाऱ्यास मात्र अर्जासोबत स्वतःविषयी निवेदन लिहावे लागते, आणि आयुष्यातील कोणता प्रसंग पुढे करावा या विवंचनेत सारे घर पडते. आजीची शुश्रूषा लिहावी की स्वतःचे दुखणे? ज्याचे दुःख मोठे त्याचा अर्ज मोठा, असा समजही रूढ होऊ पाहत आहे. अशा वेळी आपल्याच महाराष्ट्रकन्येच्या एका जुन्या अर्जाकडे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी विवाह झाला, चौदाव्या वर्षी मूल झाले, आणि ते दहा दिवसांतच गेले. या घावातूनच त्यांचा वैद्यकीचा संकल्प जन्मला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु त्यांनी स्वतः जगापुढे काय मांडले, हे पाहण्याजोगे आहे.

त्यांच्यासाठी पहिली विनवणी त्यांच्या पतीने, गोपाळरावांनी केली. पूर्वी कोल्हापुरास असलेले मिशनरी वाइल्डर यांस त्यांनी १८७८ मध्ये पत्र लिहिले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाली. हा पत्रव्यवहार अमेरिकेत छापला गेला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात दैवयोगाने आला. मदतीचा हात तेथून मिळाला.

पुढे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे, कलकत्त्याहून प्रस्थान ठेवण्यापूर्वी, आनंदीबाईंनी भर सभेत आपली बाजू स्वमुखाने मांडली. शिकण्यासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रीस रस्त्यात सोसाव्या लागणाऱ्या छळाचा उल्लेख त्यात आहे. तो मार्गातील अडचण म्हणून आहे, भांडवल म्हणून नव्हे. हिंदू स्त्री-डॉक्टरांची देशास गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हा भाषणाचा गाभा होता.

अमेरिकेस पोहोचल्यावर २८ जून १८८३ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा, रीतसर शिक्षणाची शिदोरी तोकडी. त्या पत्राचा जो भाग सर्वत्र प्रसिद्ध आहे, त्यात दोनच गोष्टी ठळक दिसतात : आप्तांच्या व जातीच्या विरोधास न जुमानता येथवर आणणारा निर्धार, आणि पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची निकड. गेलेल्या मुलाचा त्यात उल्लेख नाही.

यावरून ते दुःख लहान होते, असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी निवड केली. दुःख माणसावर येऊन कोसळते. निर्धार हे त्याचे स्वतःचे कर्तृत्व असते. प्रवेश देणाऱ्याने पारखावयाचे ते कर्तृत्व. आणि ते कोणाच्या कामी येणार, हेही अर्जदाराने सांगावयाचे असते. आनंदीबाईंनी दोन्ही सांगितले आणि आपला घाव आपल्यापाशी ठेवला.

१८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मातृत्वाचा तो अनुभव येथे ज्ञानाच्या रूपाने परतला, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. तथापि पुराव्यावाचून तसे ठामपणे म्हणणे इतिहासकारास शोभणार नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असूनही, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. ज्या भगिनींचे नाव अर्जात होते, त्यांच्या सेवेस वेळच उरला नाही.

म्हणून सल्ला विचारावयास येणाऱ्या मुलांस आमचे एवढेच सांगणे असते : बाळांनो, सर्वांत करुण प्रसंग शोधू नका. ज्या प्रसंगी तुम्ही स्वतः काही ठरविले, त्याची किंमत मोजली, आणि ज्यात दुसऱ्याचे मुख तुमच्या डोळ्यांपुढे होते, तो लिहा. उरलेले लपविण्यात अप्रामाणिकपणा नाही. काही दुःखे अर्जात मांडण्यासाठी नसतातच.