वहीवाचून नाटक

मंडळी, नाटक बसवायचं म्हटलं की आपण आधी वही शोधतो. नकला उतरवून घ्यायच्या, घोकायच्या आणि विंगेत प्रॉम्टर उभा करायचा. माझ्या लहानपणी मुरबाडकडच्या एका शाळेच्या संमेलनात प्रधान झालेला मुलगा वाक्य विसरला. राजा वाट पाहत राहिला, प्रॉम्टर ओरडत राहिला, शेवटी पडदा पाडावा लागला. एरवी हा मुलगा बाजारात भल्याभल्यांना बोलण्यात ऐकत नसे! मग तिथंच त्याची वाचा का बसावी?

मराठी नाटक जन्मलं तेव्हा त्याच्या हाती संवादांची वही नव्हती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलं. पदं भाव्यांची, ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणं मात्र ज्यानं त्यानं वेळेवर रचायची. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत खेळ करून गेली. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढल्या वर्षी कल्याणला पोचली. १८६१ मध्ये कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं आणि हळूहळू लिहिलेल्या, ‘बुकिश’ नाटकांचा जमाना सुरू झाला. त्यानं भाषेला डौल आला, हे कोण नाकारील? पण नटाची जीभ वहीला बांधली गेली ती गेलीच.

कोकणात मात्र ती मोकळी राहिली. पोटासाठी मुंबईला आलेली, पुढं ठाण्या-डोंबिवलीत घरं केलेली सिंधुदुर्गाकडची माणसं दशावतार विसरलेली नाहीत. आज कोणतं आख्यान लावायचं, कोणी कोण व्हायचं, कोणता प्रसंग कशानंतर, एवढंच खेळाआधी ठरतं. मग पखवाज, झांज, पायपेटी सुरू होते आणि पुढचं सारं तोंडातोंडी. समोरच्यानं टाकलेला शब्द झेलायचा, त्यात आपली भर घालायची, पण गोष्ट मोडायची नाही. संकासुर मालवणीत गावच्या गमती काढतो, तरी आख्यान आपल्या वाटेनं पहाटेपर्यंत पोचतं. अर्थात नटाजवळ पुराणाची शिदोरी हवी. रिकाम्या पोत्यातून धान्य कसं निघणार?

आता एक नवलाची गोष्ट. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. डोंबिवलीच्या एका घरात पोरांना तो खेळताना मी पाहिलं. टेबलाभोवती पाच जण. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात. उडी साधली की चुकली, असा प्रश्न आला की फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा! शकुनिमामानंही तो पाहिला नसेल. मी पाहत राहिलो आणि मनात म्हटलं, अरे, हा तर आपला सूत्रधार!

त्या पोरांतही एक जण अडला होता. राजा म्हणाला, “प्रधानजी, नगरीत पाणी नाही.” हा म्हणाला, “आहे की भरपूर.” झालं, खेळ तिथंच बसला. सांगणाऱ्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तो थोडा थांबून म्हणाला, “होय महाराज, अन् कोरड्या विहिरीच्या तळाशी कुणीतरी रडतंय.” सगळे पुढं सरकून बसले.

गुरुजी, ही युक्ती वर्गाची आहे. शिकागोत परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करता करता व्हायोला स्पोलिन या बाईंनी अभिनयाचे असेच खेळ रचले आणि १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. आपल्याला त्यासाठी पैसा लागत नाही, फासाही लागत नाही, चिंचोके चालतील. चुकलं म्हणून हसायचं नाही, एवढं मात्र आधी बजावा. आणि गोष्ट ओळखीची घ्या. धरणांच्या कुशीत राहून टँकरची वाट पाहणारा पाडा घेतलात, तर शहापूरकडच्या मुलांना पुढचं काही सांगावं लागणार नाही.