केनोरा कोणाचे गाव?

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, लेक ऑफ द वुड्स या सरोवराच्या उत्तर काठावर केनोरा हे गाव आहे. वस्ती जेमतेम 15 हजार. गावाची ओळख करून देणारे लेख सरोवर, मासेमारी, 12 मीटर उंच माशाचा पुतळा आणि 1907 साली स्टॅन्ली कप जिंकणारा हॉकी संघ इथपर्यंतच थांबतात. आमचा आक्षेप नेमका इथेच आहे. या इतिहासात गावकुसाबाहेरचे लोक कुठे आहेत?

ही भूमी अनिशिनाबे या मूळ रहिवाशांची. 1873 साली याच सरोवराकाठी राणीच्या नावाने त्यांच्याशी करार क्रमांक 3 झाला. सरकारच्या लेखी त्यांनी जमीन सोडून दिली. ते म्हणतात, आम्ही ती वाटून वापरायचे कबूल केले होते. पुढे त्यांच्या वाट्याला राखीव वसाहती आल्या आणि मुलांच्या वाट्याला निवासी शाळा.

केनोराच्या सेसिलिया जेफ्री निवासी शाळेतून ऑक्टोबर 1966 मध्ये 12 वर्षांचा चेनी वेन्जॅक पळाला. घर सुमारे 600 किलोमीटर दूर. रेल्वेरुळांच्या कडेने चालत निघालेले हे पोर थंडीने आणि उपासमारीने वाटेतच गेले. शाळेने त्याचे नावसुद्धा बदलून चार्ली केले होते. शिक्षण मुक्तीचे साधन आहे असे आपण मानतो. पण ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सोडला तर तेच शिक्षण माणूस पुसून टाकते.

हे लोक केवळ बळी मात्र नव्हते. नोव्हेंबर 1965 मध्येच सुमारे 400 जण केनोराच्या रस्त्यांवरून मोर्चाने नगरपरिषदेकडे गेले. मागण्या नेमक्या होत्या: वसाहतीत टेलिफोन, सापळे लावून शिकार करण्याचा हंगाम वाढवणे, गोरे आणि मूळ रहिवासी यांच्या संबंधांसाठी समिती. 1974 च्या उन्हाळ्यात ओजिब्वे वॉरियर्स सोसायटीच्या तरुणांनी अनिशिनाबे पार्क ताब्यात घेतले. ती जागा 1959 साली त्यांच्या लोकांना न विचारता गावाला विकली गेली होती. तरुणांच्या हातातल्या बंदुकांची चर्चा होते. जमीन कशी गेली, याची होत नाही.

जात आणि वंश एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण ‘गाव’ म्हणताना कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे, हे ठरवणारी सत्ता आमच्या ओळखीची आहे. म्हणून साथींनो, कोणत्याही गावाची माहिती वाचताना दोन प्रश्न विचारा: जमीन कोणाची होती? आणि हे लिहिले कोणी?