चित्रकथींच्या पोथ्या आणि परदेशात गेलेली पाने

चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्याला महाराष्ट्रात चित्रकथी म्हणतात. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये वासुदेव, गोंधळी, भराडी यांच्याबरोबर चित्रकथीही नोंदलेले आहेत. गॅझेटिअरने या सगळ्यांना भिक्षेकऱ्यांत घातले. ही वर्गवारी अन्यायाची होती, कारण चित्र, गायन, वादन आणि निरूपण अशी चार अंगे एकत्र सांभाळणारा माणूस कलावंतच असतो.

या कलेला सर्वांत आधी लागे तो टिकाऊ कागद, आणि पुणे जिल्ह्यात हातकागदाचे जुने केंद्र जुन्नर होते. पुण्याच्या कागदीपुऱ्यातील कारागीरही मूळचे जुन्नरचे मानले जातात. जुने गोणपाट आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायच्या, वाहत्या पाण्यात धुऊन लगदा करायचा, तो बारीक काड्यांच्या पडद्यावर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचा आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ही कष्टाची रीत. घोटलेल्या तावावर शाई फुटत नसे. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला.

चित्रकथीची पानेही हातकागदाचीच असत. ही परंपरा आज जिवंत आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातही ठाकर वस्ती आहे, पण चित्रकथेचा वारसा पिंगुळीच्या ठाकरांचा. सावंतवाडी संस्थानाने त्यांना आश्रय दिला. देवळांत, विशेषतः नवरात्रात, त्यांचे खेळ होत.

एका कथेच्या पानांची गड्डी म्हणजे पोथी. एका पोथीत साधारण तीस ते पन्नास चित्रे असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात, म्हणजे पान उलटले की पुढचा प्रसंग समोर येतो. सांगणारा पोथी समोर फळीला टेकवून बसतो. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान रंगते. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळा मोठा आणि टपोरा, रेषा जाड, रंग तांबडा, पिवळा, हिरवा, निळा. एकाच पानावर धनुष्य ताणलेला वीर, हवेतले बाण आणि कोसळणारा शत्रू दिसतात. आजच्या कॉमिकमध्ये फुग्यातले संवाद जे काम करतात, ते येथे माणसाचा आवाज करतो.

या धर्तीची बरीच पाने पैठण परिसरातून मिळाली, म्हणून संग्राहकांत ती ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जातात. पुण्यात दिनकर केळकर यांनी अशी चित्रे जमवली. राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत. परदेशी संग्रहांनीही ती घेतली, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या शैलीची चित्रे आहेत. १९८० साली आन्ना दल्लापिक्कोला यांचा या चित्रशैलीवरील जर्मन ग्रंथ वीसबाडेनहून प्रसिद्ध झाला, आणि गावोगाव फिरलेली ही चित्रे कलेतिहासाच्या अभ्यासाचा विषय ठरली.

या प्रवासात मोठी हानीही झाली. संग्राहकांच्या हाती पोथ्या सुटल्या, पाने वेगवेगळ्या ठिकाणी गेली. काचेआड एकटे लावलेले पान सुंदर दिसते, पण त्याच्या आधी काय घडले आणि पुढे काय होणार, हे पाहणाऱ्याला कळत नाही. चित्रकाराने तर ते पान पुढच्या पानासाठीच काढले होते. शिवाय या चित्रांवर चित्रकाराचे नाव सहसा नसते, त्यामुळे परदेशात मान मिळतो तो शैलीला, माणसाला नाही.

पिंगुळीच्या परशुराम आत्माराम गंगावणे यांनी गावातच ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभारले आणि कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांसह चित्रकथी पुढच्या पिढीला शिकवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देशोदेशी विखुरलेली एकेका पोथीची पाने छायाचित्रांच्या रूपाने तरी क्रमाने एकत्र आणावीत आणि त्यांची कथा पिंगुळीच्या कलावंतांकडून सांगून घ्यावी. संग्रहालयांनी हे काम आता अंगावर घेतले पाहिजे.